कवायतीचा वर्ग आणि तालमीची अपेक्षा

राजगडाच्या पायथ्याशी, भोर आणि वेल्हे यांच्या डोंगराळ मुलखात, पाली नावाचे एक लहान गाव आहे. गडाच्या एका दरवाजाला याच गावावरून पाली दरवाजा असे नाव पडले. गडावर चढण्याच्या ज्या वाटा आहेत, त्यांत ही वाट रुंद, पायऱ्यांची आणि म्हणून सोयीची समजली जाते. चोर दरवाजाच्या वाटेवर कातळाला हात लावूनच चढावे लागते. साहजिकच ज्या घोळक्यात लहानमोठे, सरावाचे आणि बिनसरावाचे असे सर्व तऱ्हेचे लोक असतात, तो घोळका पालीकडची वाट धरतो.

अशा घोळक्याचे थोडे निरीक्षण केले तर एक विचार करण्यासारखी गोष्ट नजरेस येते. वाट दाखविणारा पुढे असतो. डोंगरात मुरलेले चारदोन गडी त्याच्या पाठोपाठ असतात. मध्ये रोज थोडेफार चालणारे, आणि सर्वांच्या मागे खुर्ची सोडून प्रथमच डोंगराला आलेला कोणीतरी असतो. सपाटीची जागा आली की पुढचे थांबतात, पाणी पितात, घाम पुसतात, मागच्यांची वाट पाहतात. अखेर शेवटचा गडी धापा टाकीत येऊन पोचतो. तो पोचला की पुढारी म्हणतो, "आले ना सगळे? चला तर मग, निघू या." म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज सर्वांत कमी, त्यांना ती पंधरा मिनिटे मिळाली, आणि ज्याला तिची खरी गरज, त्याला एक मिनिटही मिळाली नाही! यात कोणाच्या मनात पाप नव्हते. उलट सर्वजण त्याच्याचसाठी थांबले होते. तरीही त्याला वाटायचे ते वाटतेच: "माझी इथे कोणाला पर्वा नाही."

आज आम्ही ज्या विषयाचा विचार मांडणार आहोत, तो या शेवटच्या गड्याचा आहे. फक्त त्याला आपण डोंगरावरून उचलून शहरातील व तालुक्याच्या गावातील व्यायामवर्गात आणून उभे करू. योगासनांचा वर्ग असो, सूर्यनमस्कारांचा असो की गाण्याच्या तालावर चालणारा नवा व्यायामप्रकार असो. एकाच वर्गात दहा वर्षांचा जुना सभासद आणि कालपरवा नाव घातलेला नवा सभासद शेजारी शेजारी उभे असतात. शिक्षक एक, घड्याळ एक, आणि अंगे तीस प्रकारची. अशा वर्गातून महिन्या-दोन महिन्यांत काही माणसे गळतात. कारण विचारले तर वेळ जमत नाही, पाऊस फार आहे, घरी पाहुणे आहेत, असे काहीतरी सांगतात. पण जरा आपुलकीने विचारले तर पुष्कळदा निराळेच उत्तर बाहेर येते: "शिक्षक आमच्याकडे बघतच नाहीत हो."

हे गाऱ्हाणे क्षुल्लक समजून चालणार नाही. प्रौढ माणसाने आठवड्यास निदान दीडशे मिनिटे मध्यम स्वरूपाचे श्रम करावेत, स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी करावा, आणि पासष्टीपुढील माणसांनी तोल सांभाळण्याच्या व्यायामाचीही त्यात भर घालावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. ज्यांचे हे माप भरत नाही तेच मोठ्या धीराने वर्गाच्या दाराशी येतात: चाळिशी उलटलेली गृहिणी, निवृत्त कारकून, मधुमेह निघाल्याने वैद्यांनी पाठविलेला दुकानदार. व्यायामाची गरज ज्यांना सर्वांत अधिक तेच सर्वांत आधी गळत असतील, तर त्याची कारणे शोधणे हे शिक्षकाचे आणि आपणा सर्वांचेही काम आहे.

दोन परंपरा

आमच्या समजुतीप्रमाणे या दुखण्याचे मूळ माणसांच्या स्वभावात कमी आणि वर्गाच्या घडणीत अधिक आहे. महाराष्ट्रात शरीरशिक्षणाच्या दोन परंपरा आहेत. एक तालमीची, दुसरी कवायतीची. आजचा व्यायामवर्ग घडणीने कवायतीचा आहे. पण त्यात येणारा माणूस मनात अपेक्षा घेऊन येतो ती तालमीची.

तालमीचा क्रम कसा असतो ते पाहा. कोल्हापूरची गंगावेश तालीम घ्या, मोतीबाग घ्या, की पुण्यातील चिंचेची तालीम घ्या; हौद्यातील तांबड्या मातीत एकाच वेळी दहा वर्षांचे पोर आणि फडात नाव गाजविलेला मल्ल दोघेही उतरतात. म्हणजे संमिश्र तयारीचा वर्ग ही काही आजची नवलाई नव्हे. पण तेथे वस्ताद प्रत्येकाला स्वतः शिकवीत बसत नाही. तो कट्ट्यावरून पाहतो. जोर, बैठका ज्याने त्याने आपापल्या मापाने काढायच्या. कोणी पन्नास, कोणी पाचशे. मग मोठा पैलवान लहानाला खेळवितो. लहान पोर त्याच्या अंगाशी झटते, डाव लावू पाहते. मोठा त्याला थोडा लावू देतो, थोडा तोडतो, आणि चुकले तर तिथल्या तिथे पट धरायचा कसा ते दाखवितो. वस्तादाचे डोळे दोनच. पण त्याचे हात अनेक असतात. पोराला वस्तादाकडून दिवसभरात एखादा शब्द मिळतो, आणि तरीही आपण दुर्लक्षित आहोत असे त्याला वाटत नाही. कारण कोणाचा तरी हात सतत त्याच्या खांद्यावर असतो.

मल्लखांबाची गोष्ट याहून निराळी, पण परिणाम तोच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला पुन्हा उजाळा दिला. खांब एक असतो. एका वेळी एकच मुलगा त्यावर चढतो, बाकीचे भोवती उभे राहून पाहतात. पाळी आली की शिक्षकाची आणि साऱ्या सोबत्यांची नजर त्या एकट्यावर. वेळ फार जातो, हे खरे. पण वाट पाहण्याचा वेळही दुसऱ्याचे पाहून शिकण्यात जातो, आणि नजरेआड कोणी राहत नाही.

कवायतीचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. तिच्यातून पुढे जी पद्धत शाळाशाळांतून पसरली तिचे स्वरूप असे की शिक्षकाने हुकूम द्यायचा आणि रांगेत उभ्या असलेल्या साऱ्यांनी तो एकदम पाळायचा. थोड्या जागेत, साधनांवाचून, एका शिक्षकाकडून शेकडो मुलांना व्यायाम मिळावा, हा तिचा मोठा गुण. आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यायामाचा प्रसार करावयाचा ठरले तेव्हा याच गुणाचा आधार घ्यावा लागला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मधील. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम ही दोन्ही १९२४ मधील. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घरोघरी आणि शाळाशाळांत नेले. स्वामी कुवलयानंदांनी आसनांनासुद्धा संघव्यायामाच्या आखणीत बसविले. पूर्वी मूठभर साधकांपुरती असलेली विद्या अशा रीतीने मैदानावर आली. या मंडळींचे उपकार महाराष्ट्र विसरणार नाही.

परंतु प्रत्येक सोयीची काही किंमत असते. कवायत सर्वांना समान वागविते, आणि समान वागविते म्हणूनच ती कोणा एकाला पाहत नाही. "एक" म्हटले की हात वर, "दोन" म्हटले की कमरेतून खाली. ज्याचा हात खांद्याच्या दुखण्यामुळे वर जात नाही, त्याच्यासाठी निराळा आकडा नसतो. डोंगरावरच्या शेवटच्या गड्याचे जे होते तेच येथे होते. सरावाचा माणूस आसनात चटकन स्थिर होतो आणि वीस अंक मोजून होईपर्यंत त्याचा लाभ घेतो. नवखा चटईवर हातपाय जुळवीत असतो, तो कसाबसा त्या स्थितीत येतो, तोवर शिक्षक म्हणतात, "सोडा. आता दुसरी बाजू."

कवायतीत लहानपणी कोणाला याचे वाईट वाटले नाही, कारण तेथे वैयक्तिक लक्ष मिळेल असे कोणी वचनच दिले नव्हते. आजच्या वर्गात शिक्षकाला गुरू म्हणतात, वर्गणी ज्याची त्याच्याकडून घेतात, आणि "आम्ही तुम्हांला शिकवू" असे सांगतात. येणारा त्या शब्दांवर विश्वास ठेवून वस्तादाची वाट पाहतो, आणि त्याला भेटतो तो हुकूम देणारा आवाज. मनाला लागते ते येथे.

चाळीस सेकंदांचा हिशोब

आता शिक्षकाच्या बाजूने थोडा हिशोब मांडू. वर्ग एक तासाचा, माणसे तीस. पहिली दहा मिनिटे अंग मोकळे करण्यात आणि शेवटची दहा शवासनात गेली. उरली चाळीस. त्यांतील निम्मा वेळ शिक्षकाला स्वतः करून दाखविण्यात आणि मोजण्यात घालवावा लागतो. मग पाहण्यासाठी राहिली वीस मिनिटे, म्हणजे बाराशे सेकंद. ती तिसांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस सेकंद येतात. अगदी रामशास्त्री बाण्याचा शिक्षक असला तरी यापेक्षा अधिक देऊ शकत नाही.

आणि वाटणी सारखी होत नाही, हीच अडचण आहे. शिक्षकाची नजर तीन ठिकाणी आपसूक जाते. एक, जिथे धोका दिसतो तिथे. मान वेडीवाकडी ठेवून कोणी सर्वांगासन करू लागला तर धावावेच लागते. दुसरे, जिथे उत्तम चालले आहे तिथे. कारण चांगले काम पाहून शिक्षकालाही आनंद होतो. तिसरे, जे समोर आहे तिथे. रेमंड ॲडम्स आणि ब्रूस बिडल या संशोधकांनी शाळेतील वर्गांचे निरीक्षण करून १९७० साली असे दाखविले की शिक्षक आणि विद्यार्थी यांची देवघेव पुढच्या आणि मधल्या जागांवर एकवटलेली असते. आता आपल्या व्यायामवर्गातील नवखा माणूस कुठे उभा राहतो? संकोचाने अगदी मागे, कोपऱ्यात, खांबाआड. आपले कोणी पाहू नये म्हणून तो जागा निवडतो, आणि मग आपल्याला कोणी पाहिले नाही म्हणून खंत करतो. यात त्याला हसण्यासारखे काही नाही. संकोच आणि अपेक्षा एकाच मनात नांदू शकतात.

या हिशोबात आणखी एक माणूस सापडतो, ज्याच्याकडे कोणाचेच ध्यान जात नाही. तो म्हणजे मधला. तो धोक्यात नसतो, आणि देखणाही नसतो. दोन वर्षे नियमाने येतो, सर्व काही बरे करतो, आणि दोन वर्षांत एकदाही त्याचे नाव उच्चारले जात नाही. फार तयारीच्या सभासदाचेही दुखणे असतेच. त्याला नवे काही मिळत नाही, उलट "तुम्हांला येतेच" म्हणून शिक्षक पुढे जातात. म्हणजे दुर्लक्षाची भावना ही फक्त नवख्यांची मिरासदारी नव्हे. संमिश्र वर्गात ती तिन्ही थरांत असते; प्रत्येकाला वाटते की शिक्षक उरलेल्या दोघांचे आहेत.

मनाच्या दोन गैरसमजुती

हिशोबाबरोबर मनाचाही थोडा विचार केला पाहिजे. आपण अडचणीत असलो की ती आपल्या चेहऱ्यावर लख्ख दिसत असणार, असे आपल्याला वाटते. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना निरनिराळी पेये चाखायला दिली. त्यांतले एक अत्यंत बेचव होते, आणि चेहरा मात्र निर्विकार ठेवायचा होता. चाखणाऱ्यांना वाटले, पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते ओळखले असेल. प्रत्यक्षात त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी लोकांना ते ओळखता आले. व्यायामवर्गात हेच होते. गुडघ्यात कळ येते, श्वास अडतो, आणि शिक्षक शेजारून निघून जातात. आपण म्हणतो, "पाहिले आणि पुढे गेले." खरे पाहता त्यांनी पाहिलेलेच नसते. त्यांना दिसला तो ओठ घट्ट मिटून नेटाने आसन करणारा एक माणूस.

दुसरी गैरसमजूत सूचनेविषयीची. शिक्षकाने जितक्या वेळा चूक दाखविली तितके आपले शिक्षण अधिक झाले, असे आपण धरून चालतो. हे सर्वस्वी खरे नाही. कॅरोलिन विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी १९९० साली हाताच्या एका हालचालीचा अभ्यास करविला. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, दुसऱ्या गटाला निम्म्या प्रयत्नांनंतरच सांगितला. दुसऱ्या दिवशी कोणालाच काही न सांगता परीक्षा घेतली तेव्हा निम्म्या वेळा ऐकलेला गट सरस ठरला. कारण उघड आहे. सदैव कोणी सांगणारा असला की आपले अंग स्वतः ऐकायचे थांबते. पोहायला शिकविणारा पोटाखालचा हात हळूच काढून घेतो, ते आपल्याला टाकून देण्यासाठी नव्हे.

तरी सर्वांना सारखीच सूचना मानवते असेही नाही. स्टेसी फिंकेलस्टाइन आणि आयेलेट फिशबाख यांनी २०१२ साली असे दाखविले की नवख्याला "हे बरे जमले" असे ऐकण्याची ओढ अधिक असते, तर सरावलेला माणूस "माझे चुकते कुठे?" हे शोधत असतो. आता संमिश्र वर्गात शिक्षक एकच वाक्य मोठ्याने बोलतात: "टाचा टेकवा!" सरावलेल्याला ते उपयोगी पडते. नवख्याला मात्र तो आपल्या नावाने केलेला पुकारा वाटतो. याउलट "छान, छान" म्हटले तर नवखा टिकतो आणि जुना कंटाळतो. शब्द तोच, पण तो कोणाच्या कानी पडतो यावर त्याचे मोल ठरते.

एक शिष्य आणि त्याची साधने

पुण्याशी संबंध असलेले एक उदाहरण येथे सांगितले पाहिजे. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ साली कर्नाटकातील बेळ्ळूर येथे झाला. बालपण आजारात गेले. शरीर कृश आणि ताठर. १९३४ साली ते म्हैसूरला बहिणीच्या घरी राहण्यास गेले. त्यांचे मेहुणे तिरुमलै कृष्णमाचार्य हे तेथील राजवाड्याच्या आश्रयाने योगशाळा चालवीत. अय्यंगारांनी स्वतःच पुढे सांगितले आहे की आरंभी गुरूंनी त्यांच्याकडे फारसे ध्यान दिले नाही. या पोराच्या अंगातून काही निघेल असे त्यांना वाटत नव्हते. एक आवडता शिष्य अचानक निघून गेला, प्रात्यक्षिकाचा दिवस जवळ आला, आणि तेव्हा कुठे गुरूंची नजर या मुलाकडे वळली. १९३७ साली डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून ते सहा महिन्यांसाठी पुण्यास आले आणि कायमचे पुण्याचे झाले. २०१४ साली त्यांचे निधनही पुण्यातच झाले.

यावरून "दुर्लक्ष झाले म्हणजे माणूस मोठा होतो" असा धडा कोणी काढू नये. जो टिकला त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते. जे परत गेले त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. अय्यंगारांनी दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, खुर्च्या अशी साधी साधने आसनांच्या शिक्षणात आणली. पुढे वाकून ज्याचा हात जमिनीला पोचत नाही, त्याच्या हाताखाली ठोकळा आला. ज्याला उभे राहणे कठीण, त्याला भिंतीचा आधार मिळाला. आसन तेच, आधार मात्र ज्याचा त्याचा निराळा. १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या पुण्यातील संस्थेतून ही पद्धत जगभर गेली. स्वभावाने ते कडक शिक्षक म्हणून ओळखले जात. तेव्हा हे केवळ गोड बोलण्याचे काम नव्हते. संमिश्र वर्गातील प्रत्येक अंगाला आपापल्या पायरीवर उभे राहता यावे, याची ती एक रीतसर योजना होती. प्रत्येक आसनाला पायऱ्या असल्या म्हणजे शिक्षकाची नजर नसतानाही विद्यार्थी आपल्या जागी एकटा पडत नाही.

मोठ्याने लहानाला शिकविण्याची तालमीची रीतही काही केवळ आखाड्यापुरती नव्हती. जुन्या पंतोजींच्या शाळेत पुढचा मुलगा मागच्याला अक्षरे गिरवून दाखवीत असे. मद्रासकडील अशाच रिवाजावरून अँड्र्यू बेल या पाद्र्याने अनाथ मुलांच्या शाळेत पद्धत बसविली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तिका छापली. ती पद्धत पुढे विलायतेत शेकडो शाळांनी उचलली. बर्लिनजवळ फ्रिडरिश यान यांनी १८११ साली उघड्यावर व्यायामाचे मैदान सुरू केले. तेथेही पुढे मुलांच्या लहान तुकड्या करून प्रत्येक तुकडीपुढे एकेक तयार गडी उभा करण्याची चाल पडली. म्हणजे एक शिक्षक आणि अनेक पातळ्या या कोड्याला आखाड्याने, शाळेने आणि परदेशातील मैदानाने स्वतंत्रपणे एकच उत्तर शोधले. ते विसरलो आपण.

अर्थात तालमीचे आम्ही गोडवेच गातो असे नव्हे. जुन्या तालमीच्या दारातून बायकांना प्रवेश नव्हता. ही काही लहान उणीव म्हणता येणार नाही. आजच्या वर्गात आई, आजी, सून एकत्र येतात, याचे श्रेय त्या संघव्यायामाकडे जाते. म्हणून वर्ग मोडून तालीम उभारा असे आमचे म्हणणे नाही. कवायतीने उघडलेले दार उघडे ठेवून आत तालमीची आपुलकी कशी आणता येईल, एवढाच प्रश्न आहे.

काय करता येईल

शिक्षकांनी पाच साध्या गोष्टी कराव्यात. वर्ग सुरू होण्यापूर्वी दाराशी उभे राहून नव्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत: कुठे दुखते का, आणि पूर्वी काय केले आहे? दुसरे, प्रत्येक व्यायामाच्या तीन पायऱ्या आधीच सांगाव्यात. जोर घ्यायचे तर भिंतीवर हात टेकून, गुडघे टेकून आणि पुरते, अशा तिन्ही रीती. आणि खालच्या पायरीला "ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी" असे न म्हणता "पहिली पायरी" म्हणावे. तिसरे, जुन्या सभासदाला नव्याचा जोडीदार नेमावे. त्यामुळे नव्याला आधार मिळतो आणि कंटाळलेल्या जुन्यालाही नवे काम मिळते, कारण शिकविताना आपलीच समज घासून लख्ख होते. चौथे, वर्गातून फेरी मारताना सुरुवात मागच्या रांगेपासून करावी. आणि पाचवे, शेवटचा माणूस आसनात पोचल्यावर मग अंक मोजू लागावे. डोंगरातील चांगले वाटाडे हेच करतात. शेवटचा आला की त्याला बसवितात, पाणी देतात, आणि मग निघतात.

सभासदांच्या हाती काय आहे? प्रथम हे ओळखावे की दुर्लक्ष तीन प्रकारचे असते. एक हिशोबाचे, त्यात कोणाचा दोष नाही. दुसरे विश्वासाचे, तुमचे ठीक चालले आहे म्हणून शिक्षक पुढे जातात. तिसरी खरी उपेक्षा. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. एखादा नेमका प्रश्न विचारून पाहावा. "माझे कसे चालले आहे?" असा मोघम प्रश्न नको; "पुढे वाकताना उजव्या गुडघ्यामागे ओढ लागते, काय करू?" असा असावा. आणि तो वर्ग भरात असताना न विचारता, दहा मिनिटे आधी येऊन विचारावा. आपल्याकडे म्हण आहे, बोलणाऱ्याची बोरे विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहू तसेच राहतात. शिक्षकाने उत्तर दिले, पुढच्या खेपेस आठवणीने पाहिले, तर दुर्लक्ष पहिल्या दोन प्रकारांतले होते असे समजून मनातील अढी काढून टाकावी. संकोच सोडून दुसऱ्या रांगेत उभे राहावे. तिथून दिसतेही आणि पाहिलेही जाते.

पण दुखते म्हणून सांगितले तरी ऐकून घेतले जात नाही, वयस्क, स्थूल किंवा नवख्या माणसांनाच नेमके वगळले जाते, किंवा त्यांच्यावर विनोद होतात, असे वारंवार दिसले तर ती उपेक्षा होय. तिथे सोशिकपणा हा गुण नव्हे. न पाहणाऱ्या शिक्षकापुढे दुखरा सांधा रेटणे धोक्याचे असते. असा वर्ग सोडावा, आणि सोडताना कारण स्पष्ट सांगावे. मात्र वर्ग सोडला म्हणून व्यायाम सोडू नये, हे त्याहून महत्त्वाचे. आपल्याला व्यायाम जमत नाही असा निष्कर्ष काढून माणूस घरी बसतो. वास्तविक सिद्ध झालेले असते एवढेच की तो एक वर्ग त्याला जमला नाही.

आम्हांला वाटते, वसंतातील अशा व्याख्यानांनाही हा विचार लागू आहे. येथेही श्रोते संमिश्र असतात. कोणाला विषय पाठ असतो, कोणी प्रथमच ऐकतो, आणि बोलणारा एकच असतो. त्याने शेवटच्या रांगेतील माणसाला डोळ्यांपुढे ठेवून बोलावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. तेवढीच अपेक्षा व्यायामशिक्षकाकडून करावी. गावोगावी नवे वर्ग सुरू होत आहेत. सुरू करणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की महिन्याच्या अखेरीस किती माणसे आली याची गणती करताना, किती माणसे येईनाशी झाली हीसुद्धा मोजावीत, आणि त्यांच्यापैकी दोघाचौघांच्या घरी जाऊन का ते विचारावे.